गावाच्या दप्तरात नसलेले गाव

गावाच्या दप्तरात सारे गाव सामावलेले असते, असे मानण्याची सवय शासनव्यवहारात सहजच जडते. सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र आणि पिकाची नोंद असते, करआकारणीच्या वहीत घरे असतात, शाळेच्या हजेरीपटावर मुलांची नावे असतात. परंतु पटावरील मूल शाळेत का येत नाही, किंवा एखादी वस्ती ग्रामसभेत येऊनही का बोलत नाही, याचा उलगडा या कागदांवरून होत नाही. तो ज्यांतून होतो अशी चार पुस्तके मराठीत आहेत. ग्रामीण कारभाराशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी वाचावयास हवीत. आणि शक्यतो चारही, कारण एका लेखकास जे दिसते ते दुसऱ्यास दिसत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्रे हे सरकारी नोकर. साहजिकच त्यांची दृष्टी पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याची आहे. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, या जोडीपासून वतनदार, कारू-नारू आणि फिरस्ते यांच्यापर्यंत गावाचा एकेक घटक त्यांनी उलगडून दाखविला आहे. सुताराने वर्षभर आऊतकाठी नीट करून द्यावी आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा न्यावा, ही बलुत्याची मूळ व्यवस्था. पुढे काम आटले तरी हक्क मात्र उरला आणि साऱ्यांचा भार कुणब्यावर पडला, हे आत्रे यांच्या विवेचनाचे सार होय. कनिष्ठ ग्राम वतने १९५८ च्या अधिनियमाने संपुष्टात आली. तरीही पाणवठा, गायरान वा मानपान यांवरून उद्भवणाऱ्या तंट्यांची चौकशी ज्यांना करावी लागते, त्यांना या ग्रंथात ओळखीचे बरेच काही आढळेल.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. फिरस्त्या जमातींविषयी लिहिताना आत्रे यांच्यातील परकीय अमदानीचा अधिकारी वरचढ ठरतो, आणि तेथे त्यांची लेखणी कठोर होते. ज्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला तो १८७१ चा; त्या मालिकेतील अखेरचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कायदा रद्द झाला म्हणून दाखला मागावयास आलेल्या भटक्या कुटुंबाकडे पाहण्याची नजर त्याच दिवशी बदलली, असे म्हणवत नाही. म्हणूनच ही प्रकरणे गाळू नयेत. ती नजर घडली कशी, हे त्यांतूनच कळते.

‘गांवगाड्या’च्या तीस-बत्तीस वर्षे आधी, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. येथे अधिकारी पाहणी करीत नाही; त्याचीच पाहणी होते. कचेरी, कोर्ट, सावकार, जंगल खाते या प्रत्येक दारात शेतकरी कसा नागविला जातो याचा हा जळजळीत पंचनामा आहे. पण जोतीराव गाऱ्हाण्यापाशी थांबत नाहीत. लष्कर व पोलीस खात्यातील रिकाम्या हातांकडून ठिकठिकाणी तालीवजा बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी आधी शेतांत मुरेल आणि मग ओढ्यानाल्यांस मिळेल, असे ते सुचवितात. पाणलोट क्षेत्र विकासाच्या कामावर देखरेख करणाऱ्यांनी हा भाग अवश्य पाहावा.

शिक्षकांसाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आहे. १९५५ ची ही छोटी कादंबरी दोन बैठकांत वाचून होते. औंध संस्थानातील एक कोवळा मास्तर माणदेशातील धनगरांच्या वाडीवर रुजू होतो, तो शाळा ओस पडलेली! पोरगे शाळेत बसले तर मेंढरांमागे कोणी जायचे, हा पालकांचा साधा सवाल असतो आणि त्यास शिक्षण खात्याच्या परिपत्रकात उत्तर नसते. मास्तर हळूहळू गावाचा होतो. लोकांचे अर्ज, भांडणे, पैशाअडक्याची कामे त्याच्याकडे येतात. गावाला तालीम बांधण्याची उमेदही तोच धरतो. मग दुष्काळ येतो आणि वाडी मेंढरे घेऊन जगावयास निघून जाते. मास्तराने काही चुकविले म्हणून शाळा रिकामी होत नाही. पाऊस पडत नाही म्हणून होते. पटसंख्येच्या तक्त्यात मात्र हे दोन्ही प्रकार एकाच आकड्याने दिसतात. ऊसतोडीच्या हंगामात वर्ग रिकामे होताना पाहणाऱ्या गुरुजींना हे सांगावयास नकोच.

चौथे पुस्तक दया पवार यांचे ‘बलुतं’, १९७८ चे. आत्रे यांनी ज्या बलुत्याचा कुणब्याच्या बाजूने हिशेब मांडला, त्याच बलुत्याची ही घेणाऱ्याच्या बाजूची हकीकत. मयताचा सांगावा नेणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे करावयाची, आणि त्याबद्दल मिळेल तो वाटा हात पसरून घ्यावयाचा. ‘गांवगाड्या’त जो हक्क म्हणून नोंदला गेला आहे तो येथे अपमान म्हणून अनुभवास येतो. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत, आणि आधी ‘गांवगाडा’ वाचावा. अकोले तालुक्यातील गाव आणि मुंबईतील कावाखाना यांच्यामध्ये वाढलेल्या या लेखकाने स्वतःलाही सूट दिलेली नाही, हे त्याचे विशेष.

‘गांवगाड्या’ची भाषा जुन्या वळणाची आहे. प्रथमच हाती घेणाऱ्याने कारू-नारूंच्या प्रकरणापासून आरंभ केल्यास वाट सोपी होईल. ‘असूड’ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फुले यांच्या समग्र वाङ्मयात समाविष्ट आहे. तो चारचौघांत मोठ्याने वाचण्यासारखा ग्रंथ आहे. खुद्द जोतीरावांनी त्यातील भाग ठिकठिकाणी लोकांपुढे असेच वाचून दाखविले होते.