जनावराला भूल देताना



उसाच्या फडात बिबट्या दिसला की गावात हमखास एक प्रश्न निघतो : "वनखात्याचे लोक आले आहेत, मग एक सुई मारून त्याला झोपवत का नाहीत?" प्रश्न रास्त आहे. घरी लहान लेकरे असताना ज्याला रात्री पिकाला पाणी धरायला जावे लागते, त्याच्या जिवाची घालमेल आपण सर्व जाणतो. पण भूल देण्याचे काम वाटते तितके सोपे नाही. ते कसे चालते हे समजून घेतले तर बिबट्याच्या वेळी आपण कसे वागावे ते कळेल, आणि गोठ्यातल्या बैलाच्या ऑपरेशनच्या वेळीही ते ज्ञान कामी येईल.

भोपाळचा वनविहार

हे काम शिस्तीने कसे करतात, यासाठी भोपाळचे उदाहरण घेऊ. तेथे मोठ्या तलावाच्या काठी सुमारे 445 हेक्टरांवर वनविहार आहे. 1983 साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, पण तेथील व्यवस्था प्राणिसंग्रहालयासारखी आहे. जखमी, पोरकी झालेली किंवा वस्तीत शिरलेली जंगली जनावरे तेथे आणतात. दरवेशांकडून सोडवलेली अस्वलेही तेथे ठेवली गेली. अस्वलाचे पिल्लू लहान असतानाच दरवेशी तापलेल्या सळईने त्याचे नाक टोचत, दोरी ओवत आणि दात पाडत. भुलीचा प्रश्नच नव्हता. 2009 पर्यंत ही प्रथा देशात जवळजवळ संपली. सुटका झालेल्या अस्वलाच्या नाकातली दोरी काढायची आणि मोडक्या दातांवर उपचार करायचे, तर डॉक्टर आधी त्याला भूल देतात.

जंगली जनावराला भूल देताना डॉक्टर तीन गोष्टी पाहतात.

1. वजन. औषधाचे माप वजनावर ठरते. माप कमी पडले तर जनावर अर्धवट शुद्धीत उठून अंगावर येते. जास्त झाले तर श्वास मंदावतो. शिवाय प्रत्येक जातीचे माप वेगळे. वाघ-बिबट्यांसाठी बहुधा केटामीन आणि झायलाझीन ही दोन औषधे मिळून देतात.

2. रिकामे पोट. भुलीत पोटातले अन्न घशाशी येऊन श्वासनळीत उतरू शकते. म्हणून पिंजऱ्यातल्या जनावराला आधी उपाशी ठेवतात.

3. शांतता. जनावर बिथरलेले असले की त्याचे शरीर औषधाशी झगडते. मग झोप उशिरा येते आणि जास्त औषध द्यावे लागते. म्हणून डॉक्टर शक्यतो लहान पिंजऱ्यात, जवळून, फुंकनळीने मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसल भागात सुई मारतात आणि बाजूला होऊन गप्प उभे राहतात. झोप लागायला साधारण पाच ते पंधरा मिनिटे लागतात.

केटामीनच्या भुलीत डोळे उघडेच राहतात. म्हणून डोळ्यांत मलम घालून वर फडके बांधतात. श्वास मोजतात, ताप पाहतात, अंग तापले तर पाणी शिंपडतात. काम झाल्यावर झायलाझीनवर उतारा देता येतो. केटामीनवर उतारा नाही. त्याचा अंमल ओसरेपर्यंत थांबूनच उतारा द्यावा लागतो. नुसती सुई मारून काम संपत नाही, ते म्हणूनच.

आपल्या गोठ्यात

झायलाझीन हेच औषध आपले पशुवैद्यही वापरतात. गाय-बैलावर त्याचा अंमल फार तीव्र होतो. घोड्याच्या मानाने सुमारे दहाव्या हिश्शाने भागते. म्हणून ऐकीव मापाने कोणाकडूनही हे इंजेक्शन टोचून घेऊ नये. गाय गाभण असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण या औषधाने गर्भ पडण्याचा धोका असतो.

रवंथ करणाऱ्या जनावराचे कोठीपोट मोठे असते. भुलीत ते कुशीवर पडून राहिले तर पोट फुगते, श्वास कोंडतो. ऑपरेशनच्या आधी मोठ्या जनावराचा चारा साधारण एक दिवस आणि पाणी अर्धा दिवस तोडतात. नेमके तास डॉक्टर सांगतील ते पाळावेत. "मुके जनावर आहे, घासभर खाऊ द्या" ही माया येथे जिवावर बेतते. भूल उतरेपर्यंत जनावराला छातीवर बसते ठेवावे, आणि तोंडातली लाळ बाहेर वाहील असे पाहावे. शिंगाच्या कॅन्सरसारख्या ऑपरेशनला तेवढ्या भागापुरती भूल पुष्कळदा पुरते.

जनावराला कशाला हवी भूल, असे म्हणणारे अजूनही भेटतात. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाची फासळी काढण्याआधी परमेश्वराने त्याला गाढ झोप आणली, हे आपण वाचतो. एडिंबरोच्या डॉ. सिम्पसन यांनी 1847 मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरले तेव्हा टीकाकारांना त्यांनी याच प्रसंगाची आठवण दिली. आणि जनावरांना विनाकारण वेदना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी पवित्र सभेच्या धर्मशिक्षणग्रंथाची स्पष्ट शिकवण आहे. बैल बडवण्याच्या किंवा शिंग कापण्याच्या वेळी पशुवैद्याला बोलवा आणि भुलीबद्दल विचारा.

उसातला बिबट्या

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. सुईने जनावर पकडता येतेच. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये भोपाळच्या नबीबागेत, शेतीची अवजारे तयार करणाऱ्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात वाघ शिरला, तेव्हा त्याला भूल देऊनच पकडले. पण उभ्या उसात बिबट्या दिसतच नाही, मग वजनाचा अंदाज कसा घेणार? सुई लागली तरी दहा मिनिटांत तो कुठे जाईल सांगता येत नाही. विहिरीच्या काठी झोप लागली तर बुडेल, माणसांच्या दिशेने धावला तर कोणाला तरी फाडेल. म्हणून वनखाते पुष्कळदा पिंजरा लावणेच पसंत करते, आणि सुई मारायला 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

काळवीट-हरणांचे तर आणखी नाजूक. पाठलागाने त्यांचे अंग तापते, स्नायू निकामी होतात आणि पकडल्यावर काही दिवसांनीही ती दगावतात. म्हणून 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील शाजापूर भागात पिकांची नासाडी करणारी आठशेहून अधिक काळविटे हलवली, ती भूल न देता; हेलिकॉप्टरने हाकत, नरसाळ्यासारख्या कनाती-कुंपणात घेऊन.

तेव्हा आपल्या वस्तीवर वनखात्याचे पथक आले तर एवढे करा. लेकरे आणि जनावरे घरात घ्या. फडाभोवती गर्दी करू नका. फटाके, दगड, आरडाओरड नको. झाडावर चढून फोटो काढणाऱ्या पोरांना खाली उतरवा. सुई मारल्यावर जनावर पडले तरी डॉक्टर खूण करीपर्यंत कोणीही पुढे जाऊ नये. रानात पडलेली सुई दिसली तर हात लावू नका, पथकाला दाखवा; तिच्यातले औषध माणसालाही घातक ठरू शकते.

डॉक्टरांचे औषध डॉक्टरांच्या हाती आहे. शांतता मात्र गावाच्या हाती आहे. ती पाळली तर शेजाऱ्याचे लेकरूही वाचते आणि ते जनावरही.