खाडीचा वाटेकरी

मुंबईच्या पूर्व उपनगरांत गोवंडी ही दाट वस्ती आहे. तिच्या पूर्वेस, देवनारच्या पलीकडे, ठाण्याची खाडी पसरलेली आहे. खाडीच्या काठाने तिवरांची गर्द राई आहे. ओहोटी लागली म्हणजे चिखलावर निवट्या उड्या मारू लागतात, चिंबोऱ्या बिळांतून डोकावतात, आणि हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे तेथे उतरतात. २०२२ साली या खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. असे असूनही, पूर्वीसारखी मासळी आता जाळ्यात येत नाही, अशी या काठावरील कोळी बांधवांची तक्रार आहे. खाडीतील मासळी कमी होते तेव्हा ती नेतो कोण?

हाच प्रश्न दक्षिणेकडील खाड्यांच्या काठीही विचारला जातो. सिंधुदुर्गातील खाड्यांत आणि गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटाभोवती अशीच तिवरांची राने आहेत. तेथील मासेमारांना मात्र उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ते एका प्राण्याकडे बोट दाखवतात. तो प्राणी म्हणजे पाणमांजर.

नावात मांजर असले, तरी हा प्राणी मांजराच्या कुळातील नव्हे. संस्कृतात त्यास ‘उद्र’ म्हणत. त्याचे शरीर लांबट व लवचीक असते. बोटांमध्ये पातळ पडदे असतात, आणि शेपूट सुकाणूसारखे उपयोगी पडते. पाण्यात बुडी मारताच त्याचे कान व नाकपुड्या मिटतात. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसेनासे झाले, तरी ओठांवरील राठ मिशांना माशाची हालचाल कळते. अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस पाणी अडवतात व आतील मऊ लव ऊब राखते. याच सुंदर कातड्याच्या लोभाने माणसाने त्याची फार शिकार केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता त्यास अभय दिले आहे.

आपल्याकडील खाड्यांत आढळणारे पाणमांजर कुटुंबवत्सल आहे. आईबाप व पिल्ले एकत्र राहतात, एकत्र पोहतात आणि पुष्कळदा रांग धरून माशांना उथळ पाण्याकडे रेटीत नेतात. मासा हेच त्याचे मुख्य अन्न होय. जोडीला खेकडे, कोळंबी आणि बेडूकही चालतात. पूर्ण वाढलेल्या पाणमांजरास दिवसाला सुमारे एक किलो अन्न लागते. पाच जणांचे कुटुंब धरले, तर वर्षाचा हिशेब अठराशे किलोंवर जातो.

हा आकडा ऐकून मासेमाराचा राग कोणासही योग्यच वाटेल. गोव्यातील खाजण जमिनींत बांधाला ‘मानस’ नावाचा दरवाजा असतो. ओहोटीच्या वेळी त्यातून पाणी बाहेर पडते व तेथे लावलेल्या जाळ्यात मासळी सापडते. अशी आयती मेजवानी पाणमांजर कशी सोडील? ते जाळे फाडते आणि मासे पळवते. ज्याच्या घरची चूल त्या जाळ्यावर पेटते, त्याचे नुकसान खरे असते. त्यास हसून चालणार नाही.

परंतु एका जाळ्याचे नुकसान वेगळे आणि साऱ्या खाडीची मासळी संपणे वेगळे. पाणमांजराचे कुटुंब एका जागी बसून खात नाही. ते कित्येक किलोमीटर पाण्यात फिरते. एका ठिकाणी मासे विरळ झाले की ते पुढे सरकते, आणि मागे राहिलेल्या माशांना वाढण्यास अवधी मिळतो. शिवाय निसर्गाने माशांना विपुल संतती दिली आहे. रोहू माशाची एक मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. त्यांतील फार थोडे मासे मोठे होतात. उरलेले कोणाचे ना कोणाचे अन्न होतात. सावकाराच्या भाषेत सांगायचे, तर पाणमांजर नदीचे व्याज खाते, मुद्दलास हात लावीत नाही.

पाणमांजराने काय खाल्ले, हे कळते कसे? ते ठराविक जागी विष्ठा टाकते. तीत माशांचे खवले व हाडे सापडतात. ती तपासून अभ्यासक माशांच्या जाती ओळखतात. केरळातील पेरियार जलाशयावर असा अभ्यास झाला, तेव्हा पाणमांजरांच्या खाण्यात परदेशांतून आणून सोडलेले तिलापिया व कार्प हे मासे मोठ्या प्रमाणावर आढळले. हे परके मासे स्थानिक माशांचे अन्न व जागा बळकावतात. म्हणजे ज्यास चोर म्हटले, तोच तेथे राखणदारही ठरला!

बांगलादेशातील नडाइल जिल्ह्यात तर काही कोळी माणसाळलेली पाणमांजरे दोरीला बांधून नावेबरोबर नेतात. ती माशांना जाळ्याकडे हाकतात आणि मोबदल्यात आपला वाटा घेतात.

मग मासळी नेतो कोण? गोवंडीच्या किनाऱ्यावर उभे राहिले की उत्तर डोळ्यांसमोर येते. शहराचे सांडपाणी खाडीत उतरते, प्लास्टिक तिवरांच्या मुळांत अडकते, भरावाने पाण्याची जागा आक्रसते आणि गाळाने तळ उथळ होतो. तिवरांच्या मुळांशी माशांची पिल्ले लहानाची मोठी होतात. तो आसराच नाहीसा झाला, तर मुद्दल बुडते. मग व्याज कोठून येणार?

बिघडलेले पाणी सुधारता येते. सिंगापूर शहराने १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत आपली घाण झालेली नदी स्वच्छ केली. पुढे १९९८ साली त्या देशाच्या उत्तर किनाऱ्यावर पाणमांजरे परतली, आणि काही वर्षांत ती भर शहरातील नदीतही दिसू लागली. ती आपल्याकडील खाड्यांत आढळणाऱ्या जातीचीच आहेत. त्यांनी काही घरांच्या तळ्यांतील शोभेचे मासे खाल्ले, तेव्हा लोकांनी तळ्यांना कुंपण घातले. प्राण्यास हाकलण्यापेक्षा कुंपण घालणे सोपे होते.

पाणमांजर मासळीवाचून जगू शकत नाही. म्हणून ते जेथे पिल्लांसह नांदते, तेथे मासळीही नांदत आहे, असे खुशाल समजावे. वाटेकरी दिसला की घरात अजून धान्य आहे, हे कळते. काळजी करायची, ती तो दिसेनासा झाल्यावर.

स्वाध्याय

१. पाणमांजराच्या शरीराची रचना पाण्यातील जीवनास कशी अनुकूल आहे?
२. ‘पाणमांजर नदीचे व्याज खाते, मुद्दलास हात लावीत नाही,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. पेरियार येथील अभ्यासातून कोणती गोष्ट कळली?
४. मासेमाराचा राग कितपत योग्य आहे? तुमचे मत कारणांसह सात-आठ ओळींत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : बोट दाखवणे, अभय देणे, मुद्दल बुडणे.
६. तुमच्या घराजवळील नदी, ओढा किंवा खाडी पाहा. तिच्या पाण्यात व काठावर कोणते जीव दिसले, त्यांची यादी करा.