कागदकामावरची कापडी फुले : टिकाऊ कशी करावीत?

लग्नपत्रिका, निकाहनाम्याचे फोल्डर, सुक्या मेव्याचे डबे, हापूसच्या भेटपेट्या अशा कागदी वस्तूंवर कापडी फूल, लेस, मणी लावून देण्याचे काम शिवणकाम येणाऱ्या आमच्या भगिनींना घरबसल्या करता येते. काही जणी करीतही आहेत. परंतु एक तक्रार वारंवार कानी येते. फूल दिसते सुरेख. मात्र पत्रिका पाहुण्याच्या हाती पडेपर्यंत पाकळी सुटते, फूल चेपते, नाहीतर पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. माल परत येतो आणि मजुरी बुडते. याचे कारण बहुधा हाताच्या सफाईत नसते, ते कापडात आणि डिंकात असते. कापडाचा व्यापार करणाऱ्याला त्याबद्दल थोडे सांगता येईल, म्हणून हा लेख.

कागद आणि कापड यांचे नाते तसे जुने आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला मुसलमान कागजी कारागीर हातकागद बनवीत. पुण्याची हातकागद संस्था १९४० साली निघाली, तिथेही सुती कातरणापासून कागद होतो. म्हणजे सुती कापड आणि कागद यांचे मूळ एकच, कापसाचा तंतू. म्हणूनच पांढरा डिंक दोघांतही सारखा मुरतो आणि जोड पक्का बसतो. पॉलिएस्टरचे तसे नाही. त्याच्या धाग्यात डिंक शिरत नाही, नुसता वर बसतो आणि वाळला की पापुद्र्यासारखा सुटतो. चकाकीला भुलून साटीनची फुले चिकटविणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी इथेच आहे.

कापड सुती आहे की नाही हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नये. एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर आकसते, वितळते आणि त्याची कडक गुठळी होते. ऑर्गंडी घेताना ही परीक्षा अवश्य करावी. खरी ऑर्गंडी सुती असते. गंधकाच्या तेजाबाची प्रक्रिया करून तिला कडकपणा आणलेला असतो, तो धुतल्यावरही जात नाही. फुलासाठी याहून चांगले कापड नाही. परंतु त्याच नावाखाली पॉलिएस्टरही खपविले जाते. ऑर्गंडी परवडत नसेल तर कॅम्ब्रिक किंवा घट्ट विणीची मलमल चालते.

कॅम्ब्रिक, मलमल यांना गिरणीची खळ असते. ती कोमट पाण्यात धुऊन काढावी, नाहीतर डिंक आत पोहोचत नाही. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी असे मिश्रण करून कापड प्लास्टिकच्या कागदावर ताणून ब्रशने दोन्ही बाजूंनी लावावे आणि सावलीत वाळवावे. कापड जाड कागदासारखे होते, कात्रीने कापताना धागा निघत नाही. कांजी, आरारूट, मैद्याची खळ यांनीही कडकपणा येतो आणि ते स्वस्त पडते, हे खरे. पण रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत मैदा आणि कांजी म्हणजे बुरशीला आणि कसरीला दिलेली दावतच. बुकबाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, पण मोरचूद विषारी आहे. मिठाईच्या डब्यावर किंवा मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूवर ते नको.

रंगाचीही परीक्षा घ्यावी. ओल्या पांढऱ्या चिंधीने कापड जोरात घासावे. चिंधीला रंग लागला तर ते कापड पांढऱ्या पत्रिकेसाठी बाद समजावे, कारण डिंकाच्या पाण्यानेच तो रंग कागदावर उतरेल. लाल आणि मरून रंगाबाबत विशेष सावध राहावे.

पाकळी नेहमी तिरपी कापावी, शिंपी ज्याला उरेब म्हणतात तशी. उरेब कापलेल्या कडेचे धागे कमी निघतात आणि पाकळीला बोटाने गोलाई देता येते. पाच पाकळ्या झाल्या की त्या एकमेकींना चिकटवीत बसू नये. बकरमची रुपयाच्या नाण्याएवढी चकती घ्यावी आणि दुहेरी दोऱ्याने सर्व पाकळ्या तिच्यावर टाचाव्यात. वर मणी घ्यायचा तर तोही त्याच दोऱ्यात. कापडाला कापड दोऱ्याने, कागदाला कापड डिंकाने, हा हिशेब पक्का ठेवावा. साटीनच हवे असा गिऱ्हाइकाचा आग्रह असेल, तर पाकळीची कड मेणबत्तीवरून अलगद फिरवून बंद करावी आणि पाकळ्या बकरमवर टाचूनच घ्याव्यात. मग डिंकाला साटीन लागतच नाही, बकरम लागते.

आता पत्रिकेवर बसविण्याचा भाग. डिंक फक्त चकतीला, तोही पातळ थरात. जास्त डिंकाने कार्ड वाकते. त्याहून पक्की रीत अशी : कार्डाला सुईने दोन भोके पाडावीत, चकतीचा दोरा त्यातून मागे घेऊन गाठ मारावी आणि गाठीवर कागदाची छोटी चकती डकवावी. हे फूल ओढूनही निघत नाही. वेळ जास्त लागतो, म्हणून मजुरीही तशी सांगावी. आणखी एक गोष्ट, पत्रिकेवर बिस्मिल्लाह किंवा आयत छापलेली असेल तर फुलाची जागा तिच्यापासून दूर ठेवावी. भोक पाडण्याचा तर प्रश्नच नाही.

लोखंडी तार टाळावी. समुद्राच्या खाऱ्या हवेने ती गंजते आणि पाकळीवर डाग पडतो. तार हवीच असेल तर तांब्याची किंवा पितळेची. बाशिंगाला भेंड वापरतात, ते हलके आणि शुभ्र असते. पण भेंड दाबले की चेपते ते चेपतेच. लिफाफ्यात जाणाऱ्या कामाला ते उपयोगी नाही.

कापडाचा हिशेब असा. ३६ इंची पन्ह्याच्या एका मीटर कापडातून दोन इंची चौकोन सरळ कापले तर ३४२ निघतात, म्हणजे पाच पाकळ्यांची ६८ फुले. उरेब कापताना कोपरे वाया जातात, म्हणून ५५ धरावीत. तीनशे पत्रिकांना सहा मीटर कापड पुरते. शिंप्याकडची कातरण फुकट मिळते हे ठीक, पण तीनशे पत्रिकांना एकच छटा कातरणात मिळणार नाही. मोठ्या ऑर्डरला कापड एकाच ताग्यातून घ्यावे. कातरण नमुन्यांना आणि लहान कामाला ठेवावी.

भाव ठरविताना आमच्या भगिनी कापड आणि मणी मोजतात, स्वतःचा वेळ मोजत नाहीत. समजा, तासाला आठ फुले होतात आणि तासाचे साठ रुपये हवे आहेत. तर कापड सोडून नुसती मजुरीच फुलामागे साडेसात रुपये झाली. दलाल डझनाला चाळीस देऊ म्हणाला तर तासाला सव्वीस-सत्तावीस रुपयेच हाती पडतात, त्यातही कापड तुमचे. हे गणित कागदावर मांडून मगच हो म्हणावे.

मागच्या पावसाळ्यातला दमट माल खाली आणि नवा वर अशी पेटी भरण्याची खोड काही ठिकाणी दिसते. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालताच आत ओल लागली, तेव्हा हजरत मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारले होते. तो माल वेगळा काढून, सांगून, कमी भावात विकावा.

पाठवणीबद्दल एक बदल ध्यानात घ्यावा. १ जुलै २०२२ पासून निमंत्रणपत्रिकांवर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळण्यास देशभर बंदी आहे, सजावटीचे थर्माकोलही त्याच यादीत आहे. फुलाला आता ते कवच नाही. बंद लिफाफ्यात जाणारे फूल पाव इंचाहून उंच करू नये. त्याहून उंच फुलाला पुठ्ठ्याची उथळ पेटी घ्यावी आणि फुलावर बटर पेपर ठेवावा. माल शक्यतो मे महिन्यातच वाळवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा आणि पावसाळ्यात लागेल तेवढाच बाहेर काढावा.