मनगट मोडलं : तार की प्लेट?

पावसाळ्यात मोरीत किंवा ओल्या फरशीवर पाय घसरतो, पडताना आपण हात टेकतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. पाळी गेलेल्या बायकांत हे जास्त होतं, कारण हाडं ठिसूळ झालेली असतात. देगलूरला एक्स-रे निघतो, 'ऑपरेशन लागेल, प्लेट टाकू' असं कोणी सांगतं आणि घरात व्याजाने पैसे काढायची बोलणी सुरू होतात. त्याआधी एवढं वाचा.

ऑपरेशन दोन तऱ्हेचं असतं. एकात हाड जागेवर बसवून कातडीतूनच दोन-तीन बारीक तारा घालतात आणि वर प्लास्टर करतात. चार ते सहा आठवड्यांनी तारा काढून टाकतात. दुसऱ्यात चीर देऊन हाडावर प्लेट आणि स्क्रू बसवतात. प्लेटचा खर्च जास्त, पण मनगट लवकर हलवता येतं.

मग वर्षाने कोणाचा हात चांगला? बुद्धांनी कालामांना सांगितलं तसं, ऐकीव मानू नये, तपासावं. ब्रिटनमध्ये 461 रुग्णांवर हे तपासलं. कोणाला तार, कोणाला प्लेट हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. 2014 साली निकाल आला : बारा महिन्यांनी दुखणं आणि रोजची कामं करता येणं, दोन्हीकडे सारखंच. 2022 मध्ये तिथेच 500 जणांत तार आणि नुसतं प्लास्टर यांची तुलना झाली. वर्षाने हात सारखेच होते, पण प्लास्टरवाल्यांत आठातल्या साधारण एकाचं हाड सहा आठवड्यांत सरकलं आणि ऑपरेशन करावं लागलं. म्हणून प्लास्टर केलं तरी सांगितलेल्या तारखेला पुन्हा एक्स-रे काढाच.

सांध्याचा पृष्ठभाग फुटला असेल आणि बाहेरून बसत नसेल, तर प्लेट लागू शकते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, 'तारेने भागेल का? नसेल तर का नाही?' विचारायला लाजू नका. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, तेही रेशन कार्ड घेऊन विचारा. ही योजना 2012 साली जुन्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला नांदेड होता.

पडल्याबरोबर बांगड्या, अंगठी काढा. सूज आल्यावर निघत नाहीत. हाडवैद्याकडून पट्ट्या आवळून घेऊ नका. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर रात्र असली तरी दवाखान्यात जा. प्लास्टरमध्येही पहिल्या दिवसापासून बोटं उघडमीट करा, खांदा-कोपर हलवा, हात उंच ठेवा. प्लास्टर निघाल्यावर भाकरी थापायला हात लगेच वळणार नाही. कोमट पाण्यात रोज थोडं थोडं वळवत राहा.