घरात बंदूक असेल तर मुलांना काय शिकवायचं?



निवडणूक संपल्यानंतरची गोष्ट. परिपाठ चालू होता आणि चौथीतला एक मुलगा धावत आला. "बाई, आमची बंदूक इली!" आमच्या सिंधुदुर्गात बऱ्याच घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. माकडं आणि रानडुकरं बागायतीची काय दशा करतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. निवडणुकीच्या काळात या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात, मग त्या परत मिळतात. तशी त्याच्या आजोबांची आली होती. मी सहज विचारलं, "कुठे ठेवली रे?" तो अभिमानाने म्हणाला, "माळ्यार. पण ती खंय ठेवतत ता माका म्हायत आसा."

माझ्या पोटात गोळाच आला. साप, वीज, पूर, रस्ता, सगळ्यावर आपण पाठ घेतो. बंदुकीवर मी एकही घेतला नव्हता.

शोधाशोध केल्यावर अमेरिकेतला एक कार्यक्रम कळला. तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनने १९८८ मध्ये लहान मुलांसाठी तो सुरू केला. त्यात चारच पायऱ्या आहेत. मी त्या आपल्या भाषेत केल्या: थांब. हात लावू नको. लांब जा. मोठ्यांना सांग. मुलांनी हातवारे करत अर्ध्या तासात पाठ केल्या. मी खूश!

दोन दिवसांनी वाचन कोपऱ्यात पुस्तकांमागे दिवाळीतलं टिकल्यांचं काळं पिस्तूल ठेवलं आणि दारातून बघत राहिले. ज्या मुलीने सगळ्यात मोठ्याने पायऱ्या म्हटल्या होत्या तिनेच ते उचललं आणि मैत्रिणीवर रोखून "ठो" केलं. विचारल्यावर म्हणाली, "बाई, मला ते खेळण्यातलं वाटलं." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ते खेळण्यातलंच होतं. पण माळ्यावरची बंदूक बघूनही कुणाला तसंच वाटलं तर?

हे फक्त माझ्या वर्गात घडलं असं नाही. अमेरिकेतच २००१ साली ८ ते १२ वयाच्या ६४ मुलग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोघा-तिघांच्या २९ गटांना एका खोलीत खेळायला सोडलं होतं आणि तिथल्या ड्रॉवरमध्ये खरं पण गोळ्या नसलेलं पिस्तूल होतं. २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं आणि १० गटांत कुणीतरी चाप ओढला. ज्यांना ते सापडलं त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा नक्की कळलं नाही. आणि हाताळणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना आधी बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल सांगितलेलं होतं! २००४ च्या दुसऱ्या एका अभ्यासात चार-पाच वर्षांची मुलं नियम म्हणून दाखवत होती, पण प्रसंग आला की तसं वागत नव्हती. ज्यांच्याकडून प्रत्यक्ष कृती करून घेतली ती मोठ्यांसमोरच्या सरावात जास्त चांगली वागली, पण एकटी असताना तीही तसं वागली नाहीत.

म्हणून मी पाठ बदलला. आता पाठांतर नाही, सराव. पुठ्ठ्याची बंदूक ठेवायची, प्रत्येकाने एकट्याने आत जायचं आणि चारही पायऱ्या करून दाखवायच्या. खरी की खोटी हे ठरवायचं काम मुलांचं नाही, एवढं पक्कं केलं. मग दुसऱ्या मुलाला चिथवायला ठेवलं: "अरे घे, काय होना नाय!" इथे बरीच मुलं अडकतात. दोनतीनदा करून घ्यावं लागलं. चौथ्या पायरीला वेगळीच अडचण. "सांगितलं तर चहाड्या करतो म्हणून ओरडतील." पालकहो, सांगायला आलेल्या मुलाला कृपया ओरडू नका. नाहीतर पुढच्या वेळी ते येणारच नाही.

मुलांचं कुतूहल मात्र मारायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा माझा अख्खा वर्ग नेमबाज व्हायला निघाला होता! त्यांना सांगितलं, या खेळात नेम धरण्याआधी शिस्त शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी माणसाकडे वळवायची नाही. नेम धरेपर्यंत चापावर बोट नाही. आणि हे सगळं प्रशिक्षकासमोर, घरी माळ्यावर चढून नाही.

आता मोठ्यांसाठी. वरचे आकडे बघता मुलांच्या शहाणपणावर बंदूक सोपवता येणार नाही. शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षांखालच्या व्यक्तीने बंदूक बाळगायची नाही, खेळासाठी सरावाचे नियम वेगळे. म्हणजे ती मुलांच्या हाती लागू न देणं हे परवानाधारकाचंच काम. राखणीवरून आलात की बंदूक रिकामी करा. ठासलेली तशीच भिंतीला टेकवून ठेवू नका. बंदूक कुलपात, काडतुसं किंवा दारू दुसऱ्या कुलपात. "उंचावर ठेवली आहे" याला काही अर्थ नाही, फणस काढायला झाडावर चढणारी मुलं आपली! सुट्टीत मूल मामाकडे किंवा आत्याकडे जाणार असेल तर तिथे बंदूक आहे का, कुठे ठेवतात, हे विचारा. अवघड वाटतं, मलाही वाटलं. तरी विचारा.

पालकसभेत हे सगळं बोलले. काही जण हसले, "बाई, आमची बंदूक वीस वर्षांत कोणाक लागाक नाय." पण त्या मुलाचे आजोबा आठवड्याने स्वतः शाळेत आले. लोखंडी कपाट केलं, कुलूप लावलं म्हणाले. मी नातवाकडे पाहिलं, तर तो हळूच म्हणाला, "बाई, चावी खंय आसा ता पण माका म्हायत आसा."

आजोबा दोन मिनिटं गप्प बसले. आता ती चावी त्यांच्या करगोट्याला बांधलेली असते.