गोठलेले स्थानक

१९८२ सालच्या एप्रिल महिन्यात सोव्हिएत संघाने 'सॅल्यूत-७' नावाचे स्थानक अंतराळात सोडले. पृथ्वीभोवती अखंड प्रदक्षिणा घालणारी ती एक प्रयोगशाळाच होती. १९८४ साली भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा याच स्थानकात काही दिवस राहिले होते.

१९८५ च्या फेब्रुवारीत या स्थानकाने एकाएकी मौन धारण केले. सुदैवाने त्या वेळी तेथे कोणी मनुष्य नव्हता. पृथ्वीवरून पाठविलेल्या संदेशांना उत्तर मिळेना. अनेकांच्या परिश्रमांतून उभी राहिलेली ही प्रयोगशाळा आता वाचवायची, तर कोणी तरी तेथे जाणेच प्राप्त होते.

हे धाडस व्लादिमीर जानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनिख यांनी पत्करले. ६ जून १९८५ रोजी त्यांचे 'सोयूझ टी-१३' हे यान आकाशात झेपावले. एरवी स्थानकातील यंत्रे येणाऱ्या यानाला मार्ग दाखवीत. आता ती मुकी झाली होती. किंचित चूक होताच यान आणि स्थानक एकमेकांवर आदळले असते. अंतर मोजण्याचे उपकरण हाती घेऊन आणि खिडकीतून स्थानकावर दृष्टी ठेवून त्या दोघांनी ८ जून रोजी आपले यान अलगद त्याला जोडले.

आत पाऊल टाकताच त्यांना काय दिसले? सर्वत्र अंधार! भिंतींवर हिमाचे थर साचले होते. पिण्याचे पाणी गोठून दगडासारखे झाले होते. पंखे बंद असल्याने उच्छ्वासाची दूषित हवा मुखाभोवतीच साचे आणि थोड्याच वेळात डोके जड होई. यानातील पाण्याचा साठा तर अगदी मर्यादित होता. तो संपण्यापूर्वी स्थानकातील बर्फ वितळला नाही, तर हात हलवीत परतावे लागणार होते.

उबदार टोप्या घालून दोघे कामाला लागले. स्थानकातील आठ विद्युत्घटांपैकी सहा पुन्हा उपयोगी पडतील, असे त्यांना आढळले. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी पाती त्यांनी तारांनी थेट या घटांना जोडली. नंतर आपल्या यानाच्या साहाय्याने त्यांनी अवघे स्थानक सूर्याच्या दिशेने वळविले. हळूहळू घटांत वीज साठू लागली. दिवे उजळले, पंखे फिरू लागले आणि बर्फ वितळले. परंतु त्यातून नवेच संकट ओढवले. वितळलेले पाणी यंत्रांत शिरण्याचा धोका होता. तेव्हा मिळेल त्या कापडाने त्यांनी ते टिपून काढले.

हा सारा अनर्थ घडला तो एका लहानशा भागाच्या बिघाडामुळे. घट पूर्ण भरले आहेत, अशी खोटी सूचना तो देत राहिला, म्हणून त्यांत वीज भरलीच गेली नाही. एका क्षुद्र भागाने अवघे स्थानक निर्जीव केले. दोन माणसांच्या धैर्याने, ज्ञानाने आणि चिकाटीने ते पुन्हा सजीव झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नवे अंतराळवीर तेथे येऊन दाखल झाले, तेव्हा त्यांच्या स्वागताला उजेड होता, ऊब होती.

स्वाध्याय
१. यान स्थानकाला जोडणे कठीण का होते?
२. बर्फ वितळल्यावर कोणते नवे संकट आले?
३. स्थानक निर्जीव होण्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.