केस सोपवा, मग घरी जा

इंटर्नशिपच्या तोंडावर उभ्या असलेल्या पशुवैद्यकाला सगळे एकच सांगतात : वर्षभरात हात बसवून घे. शीर चटकन सापडली पाहिजे, टाका नीट पडला पाहिजे, अडलेली म्हैस मोकळी करता आली पाहिजे. खरंच आहे. पण त्या वर्षात आणखी एक गोष्ट शिकायची असते आणि तिच्यासाठी लॉगबुकात रकाना नसतो. ड्युटी संपली की हातातली केस पुढच्याच्या हाती नीट देऊन बाहेर पडणं. हे जमलं तर मित्रमैत्रिणी, घर आणि झोप या तिन्हींना जागा उरते. नाही जमलं तर वेळापत्रकं कितीही आखा, ती भिंतीवरच राहतात. मी पनवेलची. इथेच वाढले, आता इथेच प्रॅक्टिस करते. दवाखान्यात शिकायला येणाऱ्या मुलामुलींना जे तोंडी सांगते, तेच इथे लिहिते आहे.

हे वर्ष म्हणजे काय, ते घरच्यांनाही समजावं म्हणून थोडक्यात सांगते. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६च्या नियमावलीप्रमाणे आपला अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. साडेचार वर्षं वर्ग आणि प्रात्यक्षिकं, शेवटचं पूर्ण वर्ष इंटर्नशिप. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी आपली कॉलेजं नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. त्यातलं परळचं कॉलेज १८८६ सालचं. कॉलेज कुठलंही असो, इंटर्न फिरता असतो. आज ओपीडीत, पुढे शस्त्रक्रियेला, मग गोठ्यावर, कोंबड्यांच्या शेडमध्ये, लसीकरणाला. नोंदणी तात्पुरती असते, त्यामुळे सगळं वरिष्ठांच्या नजरेखाली. गैरहजेरी झाली की ती पुढे भरून काढावी लागते.

आमच्या बारावीच्या ग्रुपमधले बहुतेक इंजिनिअर झाले. मी लॉगबुकावर सह्या मागत फिरत होते तेव्हा ते ऐरोलीत, पुण्यात नोकरीला लागलेले. त्यांना शनिवार-रविवार असायचा. मला तो कधी असेल, ते मलाच ठाऊक नसायचं. सुरुवातीला ते मला धरून बेत ठरवत. मग मला विचारून ठरवायला लागले. मग ठरवून कळवायला लागले. एकदा सगळे माथेरानला जाऊन आल्याचं मला फोटोंवरून कळलं. रागावून फोन केला तर मैत्रीण शांतपणे म्हणाली, "अगं, तू नाहीच म्हणणार होतीस. विचारून तुलाच वाईट वाटलं असतं." तिचं काही चुकलं नव्हतं.

त्या महिन्यांत मी उशिरापर्यंत थांबायचे ते कुणी थांबवून ठेवायचं म्हणून नाही. छोट्या प्राण्यांच्या वॉर्डात पावसाळ्यात पार्व्हो झालेली कुत्र्याची पिल्लं येत. उलट्या, रक्ताची हगवण, डोळे खोल गेलेले, चामडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी. सलाईन लावायचं, उलटी थांबवायची, अंग गरम ठेवायचं आणि वाट पाहायची. यावर हमखास औषध नाही, पिल्लू तगून राहील एवढंच बघायचं असतं. अशा पिल्लाला सोडून निघायचं म्हणजे जिवावर यायचं. ड्युटी संपलेली असायची, पुढचा इंटर्न येऊन बसलेला असायचा, तरी मी सलाईनच्या थेंबांकडे बघत तिथेच. शेवटी एक सीनियर मॅडम म्हणाल्या, "तू इथे बसल्याने ते जगणार नाही. तू काय लिहून ठेवतेस त्याने जगेल. उभी राहा आणि मला केस सांग." मी सांगायला लागले आणि अडखळले. शेवटची लघवी कधी झाली? माहीत नाही. मालकाला काय सांगितलंय? आठवत नाही. माझ्याशिवाय त्या पिल्लाचं चालत नव्हतं, कारण त्याची निम्मी माहिती कागदावर नव्हती, माझ्या डोक्यात होती.

तेव्हापासून एक ठरीव पद्धत ठेवली. ती इथे देते, कारण तुमच्या संध्याकाळी यावर अवलंबून आहेत. ड्युटी संपायच्या अर्धा तास आधी नवी केस हातात घ्यायची नाही, अगदी जिवावर बेतलेली असेल तर गोष्ट वेगळी. त्या अर्ध्या तासात प्रत्येक प्राण्याच्या केसपेपरवर पाच गोष्टी लिहायच्या : आत्ताची अवस्था, म्हणजे ताप, नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग; दिलेलं औषध, डोस आणि वेळ; राहिलेलं काम; रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं; मालकाचा नंबर आणि त्याला आपण काय बोललोय. मग पिंजऱ्यासमोर उभं राहून हे पुढच्याला तोंडीही सांगायचं आणि त्याच्याकडून परत म्हणून घ्यायचं. वॉर्डातल्या मामांनाही सांगायचं, कारण रात्री सुई निघालेली सगळ्यात आधी त्यांनाच दिसते. एवढं झालं की पाठ फिरवायची. घरी गेल्यावर 'कसं आहे' असा एकच मेसेज करायला हरकत नाही. दर तासाला करायचा नाही. त्याने समोरच्याला वाटतं, आपल्यावर भरवसा नाही.

मोठ्या जनावरांच्या कामातही हेच लागू पडतं, फक्त तिथे पुढचा माणूस बहुतेक वेळा मालकच असतो. इंटर्नशिपमधली, पनवेल तालुक्यातल्या एका गोठ्यावरची संध्याकाळ सांगते. म्हैस सकाळपासून कळा देत होती आणि पुढे काही सरकत नव्हतं. सोबतच्या सरांनी आत हात घालून पाहिलं, योनीमार्गाच्या घड्या पिळलेल्या लागल्या. गर्भाशयाला उजवीकडे पीळ. म्हैस उजव्या कुशीवर पाडली, पुढचे पाय एकत्र आणि मागचे एकत्र बांधले. पोटावर लांब फळी ठेवली, तिचं खालचं टोक जमिनीला टेकलेलं. फळीवर मी उभी. गोठ्यातल्या माणसांनी दोर ओढले आणि म्हैस पिळाच्याच दिशेला उलटवली. फळीच्या दाबाने आतलं रेडकू आणि गर्भाशय जागच्या जागी राहतात, म्हशीचं अंग त्यांच्याभोवती फिरतं आणि पीळ सुटतो. एका फेऱ्यात सुटला नाही, पुन्हा केलं. मग एकदम पाण्याचा लोट आला. रेडकू जिवंत निघालं. पुढचं काम होतं जार पडतो का ते बघण्याचं, आणि त्याला कित्येक तास लागतात. सरांनी मालकाला लिहून दिलं : बारा तासांत जार पडला नाही, म्हैस खाईना किंवा अंग तापलं तर फोन करा, हाताने ओढू नका. खाली नंबर. आम्ही निघालो.

त्याच रात्री शाळेतल्या मैत्रिणीची हळद होती. आगरी घरातली हळद रात्रभर चालते, त्यामुळे तिथे उशिरा येणारा कुणी नसतोच. मी पोचले तेव्हा नाच रंगात आला होता. तिच्या आजीने जवळ ओढलं आणि लगेच विचारलं, "म्हशीचा वास येतोय गं तुला. व्याली का नीट?" मी पहाटेपर्यंत नाचले. बारशाला, साखरपुड्याला, नाटकाला वेळेवर जायला हवं, तिथे इंटर्न हमखास तोंडघशी पडतो. हळद, गणपतीतली रात्रीची भजनं, वडाळे तलावावरची जेवणानंतरची फेरी इथे कधीही पोचलं तरी चालतं. पहिल्या प्रकारच्या ठिकाणी येण्याचा शब्द मोजक्या वेळाच द्या आणि दिलात तर ड्युटी आधीच बदलून घ्या. दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी मात्र मिळेल तेव्हा जा. पिशवीत एक धुतलेला जोड आणि साबण कायम ठेवा.

महिन्याचा हिशोबही पोस्टिंगवरून मांडा. आठवड्याचा तोल साधायला गेलात तर दर आठवड्याला हरल्यासारखं वाटेल. क्लिनिक आणि रात्रपाळीचे महिने जडच जाणार. फार्मवरचं काम पहाटे सुरू होतं, पण बहुधा संध्याकाळ मोकळी सापडते. पोस्टिंगचा तक्ता हातात आला की त्याचा फोटो घरच्यांना आणि जवळच्या चारपाच जणांना पाठवा. सांगा, 'या दोन महिन्यांत माझी वाट पाहू नका; त्यानंतरच्या महिन्यात मीच बोलावते.' आणि खरंच बोलवा. मैत्री कमी भेटींनी तुटत नाही. दर वेळी आशा लावून आयत्या वेळी 'नाही' म्हटल्याने विरते.

पनवेलहून मुंबईला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. आपलं स्टेशन हार्बरचं सुरुवातीचं, सकाळी बसायला जागा मिळते. तासाभराहून जास्त प्रवास आहे. जाताना झोपा, येताना मित्रांशी बोला. येताना रील बघत बसलात तर दोन्ही गेलं. रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र होस्टेलवर किंवा नातेवाइकांकडे राहा. रविवारी मेगाब्लॉक असतो, लोकलच्या भरवशावर कुणाला वेळ देऊ नका.

आता मित्रांच्या फोनविषयी. इंटर्न झालात की ग्रुपची ओपीडी होते. 'ब्रुनोला खाज सुटलीये, हा फोटो बघ.' 'मांजर जेवत नाहीये, काय देऊ?' प्रेमाने विचारतात, पण ड्युटीवरून आल्यावर हेच ऐकत बसलात तर ती गप्पांची वेळ राहत नाही. सरळ सांगा, 'माझी नोंदणी तात्पुरती आहे, मला औषध सांगता येत नाही. जवळच्या डॉक्टरांकडे ने.' हा नियम आहे आणि तो तुमच्या उपयोगी पडतो. अपवाद फक्त विषबाधेचा. घरात कुणी मांजराला तापावर पॅरासिटामॉल दिलं असेल, कुत्र्याने चॉकलेट किंवा मनुका खाल्ल्या असतील, तर त्याच क्षणी फोन उचला आणि दवाखान्यात पाठवा. मांजराच्या बाबतीत पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतू शकते.

उलट बाजूही आहे. एका मैत्रिणीने नवं पिल्लू आणलं आणि 'बघायला ये' म्हणून मागे लागली. मी महिनाभर गेले नाही, ती रुसली. पार्व्होचा विषाणू कपड्यांवरून, चपलांवरून जातो आणि महिनोन्‌महिने टिकतो. तिच्या पिल्लाच्या लसी पूर्ण व्हायच्या होत्या. हे सांगितल्यावर तिने बाकीच्या पाहुण्यांनाही चपला बाहेर काढायला लावल्या. घरातही हीच शिस्त ठेवा : ड्युटीचे कपडे वेगळे भिजवा, आधी अंघोळ, मग आईच्या गळ्यात पडणं. वॉर्डातल्या मांजरीच्या पिल्लांकडून आलेलं गजकर्णही घरभर पसरतं. रेबीजची आगाऊ लस वर्ष सुरू होण्याआधीच पूर्ण करा. ती घेतलेली असेल तर चावा बसल्यावर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन दोनच डोस घ्यावे लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. पण डॉक्टरांकडे जावं लागतंच. घरी चावा लपवू नका. लपवलेलं नंतर कळलं की घरचे तुमच्या प्रत्येक 'मी बरी आहे' वर शंका घ्यायला लागतात.

पैशाचंही बोलून टाका. कमावते मित्र मॉलमध्ये जेवायला बोलावतात, स्टायपेंड तिथे पुरत नाही आणि आपण ड्युटीचं कारण पुढे करतो. मग मित्रांना वाटतं, हिला आपण नकोसे झालोत. 'आज खिसा रिकामा आहे, तलावावर भेटू' असं म्हणून पाहा. कुणी तोडत नाही.

काही दिवस मात्र केस नीट सोपवूनही ती डोक्यातून जात नाही. दयामरणाचं इंजेक्शन पहिल्यांदा आपल्या हातून जातं. पैसे नाहीत म्हणून मालक उपचार अर्धवट सोडून बरं होऊ शकणारं जनावर घेऊन जातो. अशा रात्री एका माणसाला पूर्ण सांगा, सगळ्यांना थोडं थोडं नाही. तो माणूस आधीच ठरवून ठेवा. बॅचमधला असेल तर उत्तम, समजावून सांगत बसावं लागत नाही. हे हलक्यात घेऊ नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या पुढाकाराने १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत पुरुष पशुवैद्यकांत २.१ पट, तर स्त्री पशुवैद्यकांत ३.५ पट आढळलं. झोप उडाली, काम नकोसं झालं, मरणाचे विचार यायला लागले तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती चोवीस तास आणि मराठीतही चालते. वरिष्ठांनाही सांगा. ताप आला म्हणून रजा मागतो, तशीच याची मागायची.

माझ्या दवाखान्यात आता नियम आहे. संध्याकाळी ठरल्या वेळी इंटर्नने पिंजऱ्यासमोर उभं राहून केस सांगायची. सांगताना अडखळला तर तो थांबून लिहितो. न अडखळता सांगितली की त्याने निघायचं, मग वॉर्डात काहीही चालू असो. काहीजणांना आधी हे कठोर वाटतं, कारण मागे रेंगाळणाऱ्यालाच आपल्याकडे मेहनती समजतात. मी मात्र शिफारसपत्र लिहिताना हेच बघते : याच्या हातून सुटलेली केस रात्री कुणाला अडली का?